दादाचं चिलखत आणि तीस निळी फुलपाखरं

"पंचवीस मिनिटं! फार तर अर्धा तास!" असं भिंगरीच्या आईने कपडे धुवायच्या मशीनला सांगून टाकलं. घरात त्या वेळी तिचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेणारं तेवढंच होतं. बेत अगदी सरळ होता. मशीन थांबेपर्यंत दादाचं चिलखत भक्कम करायचं, कपडे वाळत घालायचे आणि कामाला बसायचं. कुणाला कळायचंही कारण नाही!

दादा म्हणजे कुणी नातेवाईक नव्हे. नऊ वर्षांच्या भिंगरीला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून टीव्हीवरच्या खेळातल्या वीराला तिने हे नाव दिलं होतं. खेळ म्हणजे एक अवाढव्य मुलूख. डोंगर, दऱ्या, तळी, पडके किल्ले आणि दर वळणावर एखादा राक्षस. कुठेही जा, काहीही कर, कुणी विचारत नाही. आईच्या मते त्या मुलखाचा मोठा दोष हाच होता. कड्याला कठडा नाही, तळ्यापाशी पाटी नाही, आणि दादा सदानकदा पातळ सदऱ्यात!

त्यातून आज उडी होती. भिंगरीने वर्गात जाहीर करून टाकलं होतं, की शाळा सुटल्यावर दादा पंखांचा अंगरखा घालून सगळ्यात उंच शिखरावरून उडी मारणार आणि उडत उडत तळं पार करणार. बघायला दोन मैत्रिणी येणार होत्या.

"आणि नाही उडला तर?" सकाळी वेणी घालताना आईने विचारलं.

"उडतो गं!"

"पण समजा..."

"आई, वेणी ओढू नकोस ना!"

आईचं कामच तसं होतं. औषधांच्या खोक्यांतली घडीची माहितीपत्रकं छापायला जाण्याआधी ती घरी बसून तपासायची. दिवसभर 'क्वचित प्रसंगी भोवळ', 'क्वचित प्रसंगी श्वास लागणे' वाचणाऱ्या बाईला जगात क्वचित असं काही उरत नाही. सगळं आजच होणार आणि आपल्याच घरी होणार!

एक अडचण होती, ती कपाटाच्या दारावर चिकटवलेली होती. गेल्या महिन्यात तिने भिंगरीचा खण आवरला आणि कचरा म्हणून जे फेकलं, ती पेन्सिलीच्या सालींची चौदा फुलं निघाली. दोन दिवस अबोला झाला. मग लेखी करार झाला: 'मी भिंगरीच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावणार नाही.' खाली आईची सही, साक्षीदार म्हणून आजीची. आणि भिंगरीने बजावलं होतं, "पुन्हा असं केलंस ना, तर मी तुला काही म्हणजे काहीच दाखवणार नाही. कधीच." ते 'कधीच' ती इतक्या शांतपणे म्हणाली होती, की आईला त्या आठवड्यात नीट जेवण गेलं नव्हतं.

पण चिलखत म्हणजे काही वस्तू नव्हे, असा तिने आज स्वतःपुरता निकाल दिला आणि टीव्ही लावला.

दादाला लोहाराच्या दुकानापर्यंत नेण्यात वीस मिनिटं गेली. त्यातली बारा तो एका कुंपणाला तोंड लावून चालत होता. लोहार मात्र भला माणूस. त्याने सगळे कपडे ओळीने मांडून दाखवले आणि प्रत्येकाखाली एक आकडा: संरक्षण. सदरा, दोन. पंखांचा अंगरखा, अजून शिवायचाय, चार. लोखंडी चिलखत, अकरा.

चार! चारच्या संरक्षणावर ही पोरगी त्याला शिखरावरून ढकलणार!

"चिलखत अजून बळकट करू?" लोहाराने विचारलं.

"करा," आई म्हणाली.

अकराचे सव्वीस झाले. ठिणग्या उडाल्या, तुतारी वाजली. या घरात तिने काही केलं म्हणून तुतारी वाजण्याची ही पहिलीच वेळ.

"अजून बळकट करू?"

"करा हो!"

सव्वीसचे पन्नास, पन्नासचे ब्याण्णव. शेवटच्या पायरीला लोहाराने "खात्री आहे ना?" असंही विचारलं. शेजारी, कशाकशाचा खर्च होणार त्याची बारीक चित्रं होती. नखाएवढ्या अक्षरांतल्या चुका काढणाऱ्या बाईने ती चित्रं पाहिलीच नाहीत. तिची नजर त्या ब्याण्णववर खिळली होती.

दादा आता एखाद्या बँकेच्या तिजोरीसारखा दिसत होता. तिला कित्येक दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं. मग सहज, जाता जाता, तिने पंखांच्या अंगरख्यावर बटण दाबलं.

'लागणारं सामान: निळी फुलपाखरं, तीस. तुमच्यापाशी: शून्य.'

शून्य! भिंगरीने रोजच्या एका तासात, महिनाभर, एकेक करून धरलेली तीस फुलपाखरं! ब्याण्णवच्या लोखंडाला फुलपाखरं कशाला लागतात, हे लोहाराला विचारायची सोय नव्हती. तो पुन्हा म्हणत होता, "अजून काही बळकट करू?"

तिने नवऱ्याला कामावर फोन लावला.

"अरे, त्या खेळात केलेलं मागे कसं घ्यायचं?"

"घेता येत नाही. आपोआप जतन होतं. का गं?"

"काही नाही. चिलखत जरा बळकट केलं."

"कितवी पायरी?"

"सगळ्या."

"सगळ्या? एका सकाळी? मला दुसऱ्या पायरीला तीन आठवडे..."

"तुला म्हणजे?"

तेवढ्यात पडदा काळा झाला. 'आजची वेळ संपली. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.' रोज एक तासाचं हे कुलूप तिनेच घातलं होतं. घरातली मोठी माणसं म्हणजे ती, आणि तिला कुलपाचा आकडा आठवेना!

"सात शून्य तीन एक," नवरा म्हणाला. एका दमात.

"तुला कसा माहीत?"

"मला हाक मारतायत," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याच्याशी नंतर बोलायचं ठरवून तिने आकडा दाबला. साडेअकरा वाजले होते. शाळेची गाडी अडीचला. तीन तासांत तीस फुलपाखरं. म्हणजे तासाला दहाच की!

निळी फुलपाखरं बर्फाच्या पठारावर असतात, एवढं तिला भिंगरीच्या बडबडीतून ठाऊक होतं. ती दादाला घेऊन तिथे पोचली. एका झुडपावर एक निळं दिसलं. तिने दादाला हळूच पुढे सरकवलं. खण्ण! पुढचं पाऊल, खण्ण खण्ण! भांड्यांची मांडणी कोसळावी तसा तो चालत होता. फुलपाखरू उडालं. पुढचंही उडालं. पलीकडच्या डोंगरावरचीसुद्धा उडाली असावीत.

"काय गं, कामाला नाही बसलीस?" मागून सासूबाई. साक्षीदार!

तिला रडू यायचंच बाकी होतं. तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाई चष्मा लावून कोचावर टेकल्या.

"मग ते लोखंड काढून ठेव की."

"आई, बर्फ आहे तिथे!"

"अगं, पण पत्रे वाजवत कुणी फुलपाखरं धरतं का?"

"आत नुसती बंडी आहे त्याच्या!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. हिने चार वर्षांच्या भिंगरीला वैशाखात कानटोपी घातलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे नजर वळवली.

तासाभरात लोखंडासकट हाती लागली ती दोन. एक आंधळं असावं, दुसरं आजारी. तेवढ्यात साडेबाराची मीटिंग सुरू झाली. कॅमेरा बंद करून तिने लॅपटॉप मांडीशेजारी ठेवला. कामावरच्या मॅडम खोकल्याच्या औषधाबद्दल काही सांगत होत्या. सासूबाईंचा धीर सुटला तो नेमका तेव्हाच.

"किती वेळ विचार करणार आहेस? काढ सगळं अंगावरचं! बूटसुद्धा! बंडीवर राहू दे, मरत नाही काही!"

लॅपटॉपमध्ये एकदम सामसूम झाली. आवाज बंद करायचा राहिला होता.

"आपण सगळेच पाच मिनिटं थांबू या का?" मॅडम फार हळुवारपणे म्हणाल्या. "आणि तू आज आराम कर हो."

तिने लॅपटॉप मिटला. मग डोळे मिटून बटण दाबलं. दादा बंडी आणि चड्डीवर बर्फात उभा राहिला आणि कुडकुडायला लागला. कोपऱ्यातली त्याच्या जिवाची लाल बदामं एकेक विझू लागली. तो थंडीने पहिल्यांदा मेला तेव्हा ती "अगं बाई!" म्हणून उठून उभी राहिली. पण तो पुन्हा शेकोटीपाशी जिवंत झाला. दुसऱ्यांदा मेला तेव्हा ती बसूनच किंचाळली. सहाव्या वेळी तिने मध्येच जाऊन कपडे वाळत घातले.

सासूबाई आता कोचाच्या कडेवर आल्या होत्या.

"उजवीकडे! दगडामागे! अगं, तुझ्या उजवीकडे!"

"आई, दिसतंय मला!"

"दिसतंय तर धर की! ... गेलं! तुझ्या हातून साधं झुरळ मरत नाही, तिथे हे काय धरणार? आण इकडे तो रिमोट!"

रिमोट नव्हता तो, पण सांगायला वेळ कुणाला होता? सासूबाईंनी दादाला थेट कड्यावरून खाली नेलं आणि कंट्रोलर मुकाट्याने परत केला. आलटून पालटून, भांडत, एकमेकींना दोष देत त्या दोघी धरत राहिल्या. दुपारचं जेवण राहिलं. तिची मान आखडली, अंगठा सुजला. दहा, सतरा, चोवीस...

अडीचला खाली गाडीचा भोंगा वाजला तेव्हा एकोणतीस झाली होती.

जिन्यात पावलं वाजली. लपवता आलं असतं. टीव्ही बंद केला असता तर निदान खाऊ होईपर्यंत वेळ मिळाला असता. पण ती इतकी दमली होती, की खोटं बोलायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

भिंगरी दारात. तिच्यामागे दोघी मैत्रिणी. पडद्यावर बंडीतला दादा.

"आई?"

"मी चिलखत बळकट केलं," आई एका श्वासात म्हणाली, "त्यात तुझी फुलपाखरं गेली, मला माहीत नव्हतं, म्हणजे पाहिलं नाही मी, आणि मग परत धरली, पण एक कमी आहे, आणि न विचारता केलं. चुकलं माझं."

भिंगरीने दप्तर खाली ठेवलं. कंट्रोलर घेतला, पिशवी उघडली. एकोणतीस. चिलखत, ब्याण्णव. मैत्रिणी श्वास रोखून उभ्या. सासूबाईंना एकाएकी आतल्या खोलीत काम आठवलं.

"हे घालून पोहता येत नाही," भिंगरी म्हणाली. "चढता येत नाही. पळतासुद्धा येत नाही."

"पण लागत नाही ना काही!"

भिंगरीने आईकडे पाहिलं. विस्कटलेले केस, सुजलेला अंगठा, सकाळपासून तोच गाऊन.

"बर्फात, बंडीवर धरलीस? किती वेळा मेलीस?"

"एकवीस. त्यातल्या चार आजीच्या."

"पाच!" आतून आवाज आला. आजी कान देऊन होती.

एका मैत्रिणीच्या तोंडून "बाप रे!" निघालं. "माझी आई तर पहिल्या पुलावरच कंटाळली."

भिंगरीने दादाला एका दगडावर बसवलं आणि हात बाजूला घेतले. कुणी हललं नाही. दहा सेकंदांनी एक निळं फुलपाखरू आपण होऊन आलं आणि त्याच्या गुडघ्यावर बसलं.

"त्यांच्यामागे पळायचं नसतं, आई."

तीन तास! आईला हसावं की रडावं कळेना. दोन्हींसाठी लागणारी ताकद तिच्यात नव्हती.

"रागावलीस?"

"हो," भिंगरी म्हणाली. "उद्यापर्यंत रागावणार आहे. पण उडी आज आहे. बस इथे."

मग अंगरखा शिवून झाला. दादा शिखरावर चढला. खाली ढग, ढगांच्याही खाली बोटाएवढं तळं. मैत्रिणींनी एकमेकींचे हात धरले, आजी दारात आली.

"बघ हं आई! एक... दोन... तीन!"

वाऱ्याचा आवाज झाला. मैत्रिणी ओरडल्या, आजी ओरडली. मग टाळ्या. भिंगरी गर्रकन वळली. "बघितलंस? कसा गेला!"

"बघितलं! छानच गं!"

भिंगरीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "कुठल्या बाजूला वळला?"

आईने सुजलेला अंगठा चोळायला घेतला.

"डोळे मिटले होतेस ना?"

"जरासेच."

भिंगरीने थेट आजीसारखा सुस्कारा टाकला, तळ्यापलीकडे सुखरूप उभ्या असलेल्या दादाला वळवलं आणि पुन्हा शिखराच्या पायथ्याकडे चालवायला लागली. वर चढायला वीस मिनिटं लागणार होती. आई कोचावर सरसावून बसली. या खेपेला तिने एक डोळा उघडा ठेवायचं ठरवलं. कोणता, ते वर पोचेपर्यंत ठरवू!