चौदा मुलांची वीस पटसंख्या

तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत करंजवाडीची प्राथमिक शाळा होती आणि तिच्यात चौदा मुले होती. वीसपेक्षा कमी मुलांची शाळा बंद करावी, असे परिपत्रक आले होते. मुलांच्या हुशारीचा त्यात उल्लेख नव्हता.

सुगंधाबाई काजूच्या बियांनी गणित शिकवत. करवंटी भरली की एक घर डावीकडे सरकायचे. करवंट्या लहान, सात बियांत काठोकाठ. परिपत्रक आले त्या सकाळी वर्गातल्या तन्वीने प्रत्येक मुलामागे एक बी करवंटीत टाकली आणि फळ्यावर लिहिले: पटसंख्या २०.

"गो, वीस खंयसून इले?" बाईंनी विचारले.

"दोन करवंट्यो भरल्यो, सुटी एकव नाय. मगे दोनावर शून्य!"

चूक म्हणावी, तर चूक नव्हती. आपण दहा झाले की घर बदलतो. तन्वीने सातला बदलले. सातच्या पायावर चौदा असेच लिहितात. बाईंनी फळ्याकडे पाहिले, परिपत्रकाकडे पाहिले आणि तन्वीला शाबासकी दिली.

पडताळणीला विस्तार अधिकारी जितेंद्र साहेब आले. त्यांनी डोकी मोजली.

"बाई, ही तर चौदा!"

"दहाच्या पायावर, साहेब. आमची शाळा सातच्या पायावर चालते."

"कोणाच्या परवानगीने?"

"दहाच्याच पायावर मोजावे, असा आदेश दाखवा ना."

साहेबांनी कार्यालयातली कपाटे उपसली. आदेश नव्हता. आदेश नाही तिथे भंग नाही, असा शेरा पडला आणि शाळा वाचली. मुलांनी करवंट्या बडवत अंगणभर फेर धरला.

साहेब मात्र विचारात पडले. पाया जितका लहान, तितका आकडा भरघोस! त्यांच्या अहवालात पाच नव्या विहिरी दोनच्या पायावर १०१ झाल्या. दिवसाला येणाऱ्या दोन गाड्या १० झाल्या. सरपंच भाई धावत आले.

"सायबानू, माका मोठो पायो देवा! खड्डे पन्नास आसत."

"मग पन्नासचाच घ्या. दहा होतील."

तेव्हा थोर शोध लागला: कोणतीही मोठी संख्या स्वतःच्याच पायावर लिहिली की १० होते. विहिरी १०, खड्डे १०, तक्रारी १०. तालुक्यात समतोल विकास झाला. साहेबांचा सत्कार झाला. हारही दहा आले.

मग वरून खुलासा आला: 'उपरोक्त परिपत्रकातील २० हा आकडा वीसच्या पायावर वाचावा.'

म्हणजे दोन विसा. चाळीस.

"आम्ही आकडा बदललेला नाही, बाई," साहेब हळहळले. "तोच आहे. दोनावर शून्य."

"बाई," तन्वी म्हणाली, "आमची करवंटी ल्हान आणि तेंची मोठी. असा चलता?"

बाईंनी खुलाशाची घडी घालून तो करवंटीखाली ठेवला.

शाळेला कुलूप लागायच्या सकाळी गाव खवळला. चौदा मुलांचे आईबाप काजूच्या बागेत कामाला गेले होते, पण बाकीचे झाडून हजर. "मातृभाषेची शाळा आमचो प्राण आसा!" भाई गरजले. निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंचा ऊर भरून आला.

तेवढ्यात वळणावर पिवळ्या बसने भोंगा वाजवला आणि प्रत्येकजण आपापले टायवाले मूल बखोटीला धरून इंग्रजी शाळेच्या त्या बसकडे पळाला.

अंगणात राहिलेल्या आंदोलकांची संख्या कोणत्याही पायावर सारखीच लिहिता येते: ०. इथवर वाचून हळहळलेल्यांनी आपली मुले आणि नातवंडे कोणत्या शाळेच्या बसमध्ये बसतात, हे धरून ती एकदा पुन्हा तपासावी.