शेवटची ओळ वाचा

सरोजिनीबाई आपटे यांनी चष्मा काढून ठेवला, भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला, शेवटची ओळ डोळ्यांना पदर लावून हुंदक्यातच पुटपुटली आणि बाहेर जाताना पाण्याच्या कूलरला नमस्कार करून म्हणाल्या, "येते हं डॉक्टर."

'सिक्स बाय सिक्स', म्हणजे नजर एकदम उत्तम, असा शेरा नुकताच लिहून बसलेल्या स्पृहाला घाम फुटला.

शनिवार पेठेतल्या डॉ. पद्मजा यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती नंबर तपासायला नवीनच लागली होती. जुना सुट्या अक्षरांचा तक्ता फाटला, तेव्हा नवा तिनेच हौसेने करून घेतला. 'क, ट, भ, ल' वाचून पेशंट कंटाळतात, म्हणून त्यावर शाळेतली ती जुनी, ओढ्याची कविता छापली. वर मोठं अक्षर, खाली मुंगीएवढं. कल्पना फारच सुंदर होती. अडचण एवढीच, की सकाळपासून शनिवार पेठेत कोणालाच चष्मा लागेना.

"काय गं, चांगल्या डोळ्यांची साथ आलीये का?" डॉक्टर तरातरा आत आल्या. "बाहेर एक आजोबा कचऱ्याच्या डब्यावर बसलेत. स्टूल समजून. त्यांना काय लिहिलंस?"

"दृष्टी उत्तम."

"ज्याला नीट दिसत नाही असा एक तरी माणूस संध्याकाळपर्यंत मला शोधून दे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पुढचे पेशंट श्रीधर काका, निवृत्त मास्तर. ते दुसऱ्या कडव्यात असताना दिवे गेले. खोलीत मिट्ट काळोख. काका थांबले नाहीत. आवाज तेवढा जरा वाढवला.

दिवे आले तेव्हा स्पृहा आ वासून उभी होती. "काका, तुम्ही वाचत नव्हतातच!"

"वाचायचंय काय त्यात? चौथीला होती."

स्पृहाने शेवटच्या ओळीतल्या 'सावली'वर तेवढ्याच बारीक अक्षरात 'चावी' लिहून चिकटवलं. "आता वाचा."

"ओढा म्हणाला झाडाला, सावली दे रे थोडी."

"सापडलात! नाही दिसत तुम्हाला. तिथे चावी आहे!"

"चावीच आहे. स्वच्छ दिसतेय."

"मग वाचली का नाहीत?"

"तुम्ही काहीही चिकटवाल. मी चुकीची कविता म्हणणार नाही."

स्पृहा धावत बाहेर गेली आणि रिक्षाची वाट बघणाऱ्या सरोजिनीबाईंना हाताला धरून परत घेऊन आली. बाईंनी दोन्ही हात जोडून शेवटची ओळ म्हटली, "ओढा म्हणाला झाडाला, चावी दे रे थोडी."

स्पृहाच्या हातातलं पेन पडलं. "आजी! दिसतंय तुम्हाला?"

"छे गं. तक्ता कुठल्या भिंतीवर आहे? आमच्या पुस्तकात चावीच होती. छपाईची चूक. बाईंनी तशीच पाठ करून घेतली."

काका खुर्चीतून ताडकन उठले. "अहो, झाडाकडे चावी कुठून येणार?"

"ओढा बोलतो ते चालतं वाटतं तुम्हाला?"

आवाज चढले, तशा डॉक्टर दारात आल्या. "अहो, हा डोळ्यांचा दवाखाना आहे! समोर लिहिलंय तेवढं वाचायचं. पाठ कशाला लागतं? मी कॉन्व्हेंटची, मला यातलं एक अक्षर येत नाही. आता बघा." आणि त्यांनी दारातूनच वाचायला घेतलं. वरची कडवी निर्विघ्न पार पडली. "ओढा म्हणाला झाडाला, गादी दे रे थोडी."



"गादी?" काका म्हणाले.

"गादी?" सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चाचपडत पिशवी उचलली. "सोमवारचं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ना, ते राहू दे हं. दिसतंय तेवढं पुष्कळ आहे." काकांनी त्यांना हात दिला आणि दोघं घाईघाईने जिना उतरले.

डॉक्टर तक्त्याजवळ गेल्या. अजून जवळ गेल्या. नाक भिंतीला टेकायच्या बेतात आलं, तेव्हा कुठे त्यांना चावी दिसली.

स्पृहाने खुर्ची पुढे सरकवली. "बसा मॅडम. डावा डोळा झाका."

डॉक्टरांनी निमूटपणे झाकला.

"उद्या येऊ ना मी?"

"रोज ये," डॉक्टर म्हणाल्या. "आधी ते दार लाव."