शेवट न सांगणारे पारिसअण्णा

“खिडकीखाली चोर हाय! धरा, धरा त्याला!”

हौसाक्कांची ही आरोळी ऐकून निम्मी शिवाजी पेठ काठ्या घेऊन बोळात शिरली. तालमीतले पैलवान तर अंगाची माती न झटकता धावले. बघतात तर खिडकीखाली उकिडवे बसलेले आमचे शेजारी, पारिसअण्णा मगदूम!

चोराने निदान पळावं की नाही? अण्णांनी उलट वर तोंड करून विनवलं, “हौसाक्का, थांबू नगा. मालकांना मघाशी काय म्हणलासा, ते तेवढं पुन्यांदा म्हणा की. ‘तुमच्या आईनं’पातूर झालतं.”

ही सगळी नोकरीची तयारी होती. अण्णांना बोलपट कंपनीत लेखक व्हायचं होतं, तेही पगारी. किराणा दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ते पेठेतल्या भांडणांवर संवादांचा अभ्यास करत. भांडणं कमी पडली तर स्वतः लावून देत. एकदा त्यांनी दोन तालमींची अशी काही जुंपवली, की रंकाळ्यावरची बदकं घाबरून पन्हाळ्याला मुक्कामाला गेली.

पेठेचा अण्णांवर संशय होता. कोणी त्यांना पोलिसांचा खबऱ्या म्हणे, कोणी विम्याचा एजंट. लोक भीत ते दुसऱ्याला. आणि अण्णांचा संशय? तो अख्ख्या जगावर! “गोष्ट चोरत्यात, गोष्ट!” हे त्यांचं पालुपद. न्हाव्याला ते डोक्याला हात लावू देत नसत, कारण “आत माल हाय.” केस इतके वाढले की एक चिमणी चोचीत काडी घेऊन जागा बघून गेली. माझा त्यांचा जन्माचा शेजार, पण गोष्टीचा विषय निघाला की परगावच्या माणसाला म्हणावं तसं मला ‘पावणं’ म्हणत.

पहिली गोष्ट त्यांनी वैनींना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितली होती. वैनी भोळ्या. नळावर कौतुकाने चार बायकांत बोलून गेल्या. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. “कुठल्या कंपनीनं फितवलं तुला?” वैनींनी मुकाट ट्रंक भरली आणि त्या कागवाडला माहेरी निघून गेल्या. उष्टी झाली म्हणून अण्णांनी ती गोष्ट टाकून दिली आणि नवी रचायला घेतली.

आता कंपनीत कागद कोण वाचतो? मालकासमोर बसून गोष्ट तोंडाने रंगवावी लागे. म्हणजे सराव हवा, आणि माणसावर तर विश्वास नाही. अण्णांनी श्रोता निवडला तो गवळ्याची म्हैस. सकाळी दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार निघायची, तेव्हा अण्णा तिच्या कानाशी लागलेले असत.

“अण्णा, रडकं नगा सांगू!” गवळी बोंबलला. “पान्हा चोरतीया ही!”

“बघितलासा?” अण्णा मला म्हणाले. “ही सुदिक चोरतीया.”

एकदाचं कंपनीचं बोलावणं आलं. अण्णांनी मला बरोबर नेलं ते दाराला पाठ लावून बसायला. बाहेरून कोणी कान देऊ नये म्हणून. मालक गादीवर रेलून पान चघळत होते. “हं, ऐकवा.”

अण्णा सुरू झाले आणि मी दाराला पाठ लावायची विसरलो. एक संशयी नवरा. त्याच्या बोलण्याने घर सोडून गेलेली बायको. रोज दिवस मावळायच्या आत तो दोन ताटं वाढतो, एकावर जेवतो, दुसरं झाकून ठेवतो. अखेर एक दिवस तो तिच्या गावाला जातो. कडी वाजवतो. ती दार उघडते...

मालकांचं पान गालातच थांबलं. चहा घेऊन आलेला गडी कपबशा धरून तसाच उभा.

“पुढं?”

अण्णांनी मांडीवरची टोपी उचलली.

“अहो, ती काय म्हणते?”

“ते न्हाय सांगायचं.”

मालक उठून बसले. “शेवट सांगा आणि उद्यापासून कामावर या. ही खुर्ची तुमची.”

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. वेताची, हातांची, चांगली ऐसपैस खुर्ची. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी टोपी डोक्यावर दाबली आणि ते उठले.

“आम्ही काय चोर आहोत?” मालक गरजले.

“तसं मी कुठं म्हणलो?” असं म्हणून अण्णांनी चपला पायात सरकवल्या आणि चालू पडले.

मी त्यांना रस्त्यात गाठलं आणि तोंडाचा पट्टाच सोडला. “हीच नोकरी पायजे हुती न्हवं? आली हुती की हातात! कसला म्हणायचा हा संशय? आता मला तरी सांगा, दार उघडल्यावर ती काय म्हणते?”

अण्णा थांबले. कोण ऐकतंय का, हे त्यांनी आज मागे वळून बघितलं नाही.

“मला काय ठावं?” ते म्हणाले. “मी अजून गेलोच न्हाय.”