मल्लिकार्जुनरावांचा सातवा पुरुष

"काका, ताठ बसा. घोड्यावर बसल्यावानी दिसा," लग्नाचं शूटिंग करणारा सोहेल कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"बसलोयच की घोड्यावर. पर ह्यो हलंना."

घोडा वरातीचा होता. बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. शेवटी सोहेलनं मोबाईलवर वरातीचं गाणं लावलं, तेव्हा तो मान डोलवत, ठुमकत निघाला. वर फेटा, तलवार आणि मल्लिकार्जुनराव. माकणीच्या माळावर पिवळं ऊन सांडलं होतं आणि करडईच्या रानात बायका हातातलं काम सोडून हसत उभ्या होत्या.

"नाचायलाय की रे ह्यो."

"आवाज काढून टाकतो, काका. वर नगारा लावतो, धूर सोडतो. पहिल्या मिनिटात माणूस ठरवतंय, रडायचं का हसायचं का उठून जेवायला जायचं. सुरवात भारी, तर पुढचं सगळं भारी."

मल्लिकार्जुनरावांना हे पटलं होतं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला पहिल्या वाक्याचं मोल कळतं. घराण्याच्या फिल्मला आवाजही त्यांनी स्वतःचाच दिला होता. त्यामुळं पूर्वज आता फलाट क्रमांक दोनवरून सुटणार, असं वाटायचं, पण वाक्य खणखणीत होतं : "सात पिढ्या झाल्या, या घराण्यातला पुरुष कुणाच्या उंबऱ्याच्या आश्रयाला गेलेला नाही."

हे वाक्य कुणासाठी आहे, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. एकुलत्या एक मंजुषाच्या गोठ्यात बारा म्हशी होत्या. गुरांचा डॉक्टर प्रेम त्यांना तपासायला यायचा. हळूहळू म्हशी धडधाकट असल्या तरी यायला लागला. मंजुषा म्हणाली, म्हशी सोडून मी कुठं जायची न्हाय. प्रेम म्हणाला, मग मीच येतो. आणि मल्लिकार्जुनराव म्हणाले, घरजावई आपल्यात चालत न्हाय.

"कधीपासनं चालत न्हाय?" त्यांच्या बायकोनं, तारामतीनं, भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"सात पिढ्यांपासनं."

"मोजल्या का?"

मोजणारा तेवढ्यात आलाच. वीरप्पा हेळवी, पिढ्यांच्या वह्या सांभाळणारा. त्याचा आजा बैलावरून गावोगाव फिरायचा, हा टेम्पोतून उतरला. चार-पाच वर्षांनी एकदा यायचं, भावकी गोळा करून वंश वाचायचा, नवी नावं चढवायची आणि पुढच्या गावाला जायचं. मल्लिकार्जुनराव आजवर दर खेपेला ड्यूटीवर असायचे. वाचन त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. आता मात्र त्यांनी नव्या घराच्या दिवाणखान्यात सगळं गाव बोलावलं, माईक-स्पीकर लावला, आणि प्रेमलाही मुद्दाम निरोप धाडला : येऊन ऐकून जा.

पडदे ओढले. मोठ्या टीव्हीवर धूर आला, धुरातून घोडा आला. नगाऱ्यानं भांडी थरथरली. लोक ताठ झाले. प्रेम दारापाशी, चपलांजवळ, आक्रसून बसला.

"अण्णा, आता वाचा," मल्लिकार्जुनराव म्हणाले. "त्या थोर सातव्या पुरुषापासनं."

"तसं न्हाय व्हत, मालक," वीरप्पा शांतपणे म्हणाला. "वरनं खाली आलं की माणूस पायजे त्या राजाच्या पोटी जन्म घेतोय. आमची रीत जित्या माणसापासनं. एकेक बाप विचारत वर चढायचं. मंग जो भेटंल तो आपला."

तो चढत गेला. पाच बाप साधे निघाले, शेतकरी. मग वीरप्पानं पान उलटलं आणि सुरात म्हटलं :

"बसलिंग पाव्हणा, आला कांबळं घेऊन,
रुद्रम्माच्या बापानं, घेतला घरी ठेवून."

पण नगारा अजून लोकांच्या कानात होता. शेजारचे मकबूलचाचा भारावून म्हणाले, "कंच्या लढाईतलं कांबळं म्हणायचं?"

"लढाई न्हाय. भावांशी भांडून आला. मूळ गाव आळंद."

"रुद्रम्माचा किल्ला व्हता का मग?"

"म्हशी व्हत्या. ह्यो धारा काढायचा."

आता कुठं कुणीतरी खुसकन हसलं. मंजुषानं पदर तोंडाला लावला. मल्लिकार्जुनरावांचा फेटा एकाएकी जड झाला.

"अण्णा, पान चुकलं आसंल. दुसऱ्या कुणाचं आसंल."

"पान तुमचंच. तुमच्या वडलांनी अंगठा दिलाय खाली. आन् मालक, मघाशी तुमचा चवथा पुरुष मी घाईत वाचला. त्यो बी सासऱ्याच्याच घरी नांदला. सासऱ्याला एकच लेक व्हती ना." वीरप्पानं कौतुकानं वहीवरून हात फिरवला. "जावई लई मानवत्यात तुमच्या घराला."

"तुला ठाऊक व्हतं?" मल्लिकार्जुनरावांनी बायकोकडं वळून हळूच विचारलं. ते स्पीकरवरून गावभर गेलं.

"सासूबाई जात्यावर गायच्या की. तुमी झोपलेले आसायचा."

वीरप्पानं पेनाचं टोपण काढलं. "आता चालू पिढी. लेक मंजुषा. जावयाचं नाव?"

गोठ्यातली एक म्हैस तेवढी हंबरली. प्रेमनं मान वर केली नाही. वीरप्पाला घाई नव्हती. पण आता नाव राहिलं तर ते पुढच्या फेरीपर्यंत, चार-पाच वर्षं, कोरंच राहणार होतं. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका हळूहळू फुगत चाललेला.

मल्लिकार्जुनरावांनी माईक बाजूला सारला. मंजुषाकडं पाहिलं, मग दाराकडं.

"प्रेम लिहा."

"गाव?"

"तामलवाडी." त्यांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "म्हंजे, मूळ गाव तामलवाडी."