पाठमोऱ्या कार्डांची हकीकत

श्री. ज्याचे दरबारी जित्यास जिता आणि मेल्यास मेला म्हणतात, त्या एका धन्याचे पायी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली. राज्याचे नाव लिहिले नाही. वाचणाराने आपापल्या राज्याचे घालावे.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, ते समयी महाराज गादीवर सुखरूप होते आणि राज्यात पाणीखाते, पूलखाते, दिवाबत्तीखाते, टपालखाते ऐशी नाना खाती चालत होती, आणि त्या खात्यांत हाडांची काडे करून जे लोक म्हातारे जाहले त्यांस सरकारातून दरमहा पेन्शन पोहोचावी, आणि म्हातारा वारला तर त्याचे मागे बायकोस पोहोचावी, ऐसा शिरस्ता होता. हे काम पेन्शनीचे दप्तरात चाले आणि दप्तराचे मुख्य गिरमाजीपंत. पंत मोठे शहाणे, हिशेबी आणि भित्रे. भित्रेपण त्यांचे अंगी ऐसे मुरले होते की लोक त्यास सभ्यपणा म्हणत.

दप्तराचा एक रिवाज होता, तो आधी सांगणे जरूर. पंतांचे आधी त्या जागी मुरारपंत नामे गृहस्थ होते आणि पंत त्यांचेच हाताखाली काम शिकले. हर एक पेन्शनराचे एक जाड पिवळे कार्ड, वर नाव आणि बँकेचे खाते, ऐशी कार्डे लाकडी खणांत उभी लावलेली असत. पेन्शनर वारल्याची खबर आली म्हणजे अन्य दप्तरांत नावावर तांबडी रेघ ओढीत. मुरारपंतांस ते सोसेना. ते म्हणत, "अरे, ज्यानं जन्मभर पुलावर उभं राहून दिवे लावले, त्याच्या नावावर मी काट मारू? माझा हात नाही चालायचा." मग त्यांनी ऐसे काढिले की कार्ड खणातल्या खणात उलटे फिरवावे, म्हणजे नाव भिंतीकडे जाई, आणि जी कोरी पाठ पुढे येई तिजवर बायकोचे नाव आणि बायकोचे खाते लिहावे. मेला हा शब्द कोठेच लिहावयाचा नाही. कोणी वारले म्हणजे दप्तरात "अमके पाठमोरे झाले" ऐसे बोलत, आणि काम बिनचूक चाले, आणि कोणा विधवेचा महिना चुकला ऐसे कधी घडले नाही. पुढे मुरारपंत निवृत्त जाहले आणि बायको वेणूबाई यांसह दूरदेशी तीर्थास गेले, आणि तेथे तापाने वारले. पोटी संतान नाही. गिरमाजीपंत खबर ऐकून धावत गेले, नदीकाठी अग्नी आपले हाते दिला, वेणूबाईंस घरी आणिले, आणि दप्तरात येऊन मुरारपंतांचे कार्ड आपले हाताने फिरविले, आणि त्या समयी लहान मुलासारखे रडले. एरवी मृत्यूचा दाखला मागत, परंतु येथे अग्नी देणारा आणि कार्ड फिरविणारा एकच, म्हणून दाखला कोणी मागितला नाही आणि कोणी आणिलाही नाही.

मग दिवाणजी परराज्ये फिरून आले आणि म्हणाले की तिकडे पेन्शनीचे काम सॉफ्टवेअर नामे यंत्र करिते, त्यास कार्ड लागत नाही आणि कारकूनही फारसा लागत नाही, आपलेच राज्य मागे राहिले. महाराजांची मर्जी बसली आणि टेंडर काढण्याचा हुकूम जाहला. टेंडरात काय लिहावे हे कोणास ठाऊक नव्हते, म्हणून परराज्याचे टेंडर आणून त्यावरील राजाचे नाव तेवढे बदलिले, आणि त्यात बंदरखात्याची कलमे होती तीही तैशीच राहिली, आपल्या राज्यास समुद्र नसता. मग व्यापारी आले आणि दोन दोन लिफाफे देते जाहले, एकात गुण आणि एकात किंमत. गुणांचा लिफाफा सर्वांनी वाचल्यासारखे केले आणि किमतीचा खरोखर वाचला, आणि ज्याची किंमत सर्वांत हलकी त्यास विडा दिला. त्याचा वकील गळ्यास टाय बांधून दरबारी उभा राहिला आणि पडद्यावर यंत्र चालवून दाखविता जाहला. यंत्रात 'नमुना पेन्शनर' ऐशा नावाचा एक म्हातारा घातला होता, त्यास पेन्शन डोळ्याचे पाते लवते तो पोहोचली, आणि सर्व दरबाराने टाळ्या पिटिल्या. त्या म्हाताऱ्यास बायको नव्हती, हे कोणी पाहिले नाही.

मग वकिलाने पुसिले, "आता कार्डांवरची माहिती यंत्रात भरायची. टेंडरमध्ये एका कार्डाची एकच बाजू धरली आहे. मागच्या बाजूला काही असेल तर ते वाढीव काम. त्याचा दर वेगळा, मंजुरी वेगळी, आणि वेळही जास्त लागेल." दिवाणजींचे कपाळास आठी पडली, कारण पाडव्यास महाराजांचे हस्ते यंत्र सुरू करावयाचे ठरले होते आणि निमंत्रणे छापून जाहली होती. ते गिरमाजीपंतांकडे वळून बोलिले, "काय हो पंत, मागे काय असतं?" पंतांस सर्व ठाऊक. परंतु पंतांची निवृत्ती येत्या आषाढात, आणि त्यांचे स्वतःचे पेन्शनीचे कागद दिवाणजींचे मेजावर सहीवाचून पडलेले, आणि दिवाणजींची आठी काही केल्या मोडेना. मनात आले की आज नको, मागून एकांती सांगू, सावरून घेऊ. आणि तोंडाने म्हणाले, "विशेष काही नाही." आठी मोडली आणि वकिलाने लिहून घेतले. मागून एकांती सांगणे राहूनच गेले. पुढे एक कागद आला, त्यात जुने काम आणि नवे यंत्र दोन्ही तीन महिने सोबत चालवून ताळा पाहिला, तो बरोबर आहे, ऐसे लिहिले होते. ताळा कोणी पाहिला नव्हता. पंतांनी त्यावरही सही केली, आणि पिवळी कार्डे पोत्यांत भरून रद्दीत गेली.

शोभन नाम संवत्सर लागले, पाडव्यास महाराजांनी कळ दाबिली, सनई वाजली, आणि यंत्रात मेलेले सर्व नवरे जिवंत होऊन उठले आणि त्यांच्या बायका नाहीशा जाहल्या. पैका मेलेल्यांच्या बंद खात्यांवर जाई आणि तेथून फिरून तिजोरीत येऊन पडे, आणि पेन्शनीवरील खर्च घटला म्हणून दिवाणजींस शाल मिळाली. दप्तराचे दारी विधवांची रांग लागली. ज्यांस कर्ते मुलगे होते त्यांनी धावपळ करून बापाचे मृत्यूचे दाखले आणिले आणि कसेबसे काम करून घेतले. ज्यांस कोणी नाही त्या ओट्यावर बसून राहिल्या.

वैशाखात वेणूबाई आल्या. गुडघे गेलेले, एका डोळ्यास मोतीबिंदू, छातीचे दुखण्याचे औषध रोजचे. खिडकीवरील कारकून पडद्याकडे पाहून म्हणाला, "आजी, तुमचं नाव इथं नाहीच. मुरारपंत आहेत. ते हयात दाखवतंय." वेणूबाई म्हणाल्या, "हयात आहेत? मग त्यांना म्हणावं, घरी या. मी दाराला कडी लावत नाही." रांगेतल्या बायका हसल्या, आणि मग एकीस रडू फुटले आणि बाकीच्यांसही आवरेना. कारकून नोकरीस नवा होता, निर्दय नव्हता. खजील होऊन बोलिला, "आजी, त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा. नाहीतर ज्यांनी अग्नी दिला त्यांनी तसं लिहून सही केली तरी चालेल. तेवढं यंत्र घेतं."

मग वेणूबाई आत पंतांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, यांना अग्नी तुम्हीच दिलात ना? तेवढं लिहून द्या. बाकी मी काही मागत नाही." एक साक्ष लिहावी तर लागलीच पुसणार की मग यंत्रात हयात कैसे, कार्ड कोणी फिरविले, पाठीवर काय होते, आणि ताळ्याचे कागदावर सही कोणाची. म्हणाले, "देतो ना, वहिनी. जरा ही गडबड उरकू द्या." वेणूबाईंस ते खरे वाटले आणि त्या घरी गेल्या.

ज्येष्ठात पंत धीर करून दिवाणजींकडे गेले आणि झाले ते सर्व सांगितले. दिवाणजी रागावले असते तर बरे होते. ते सुपारी कातरीत म्हणाले, "बरं झालं बोललात. आता असं करा, लेखी द्या. मी चौकशी लावतो. चौकशी संपेपर्यंत तुमची पेन्शन थांबेल, तो नियमच आहे. मागची एक चौकशी अजून चालू आहे, माणूस मात्र गेला. हा घ्या कागद, हे पेन." पंतांनी पेन हाती घेतले. घरी बायको दम्याने अंथरुणास खिळलेली, घर भाड्याचे, साठविलेले ते तिच्या औषधास गेलेले. पेन कागदास टेकले आणि टेकलेच राहिले, आणि कागदावर शाईचा एक ठिपका तेवढा उमटला. मग पेन खाली ठेवून पंत म्हणाले, "आषाढ झाला की देतो."

आषाढ जाहला, पंत निवृत्त जाहले, शाल आणि नारळ पावले. मग मनाशी म्हणाले, पहिली पेन्शन हाती पडू दे, मग लिहितो. ती तारखेस पडली. पंतांचे बाबतीत यंत्राने काही चूक केली नाही. मग म्हणाले, आणखी एखादी पडू दे, बूड स्थिर होऊ दे. त्या साली श्रावण अधिक पडला, म्हणजे एक श्रावण संपला तो दुसरा लागला. पंत पिशवीत तांदूळ, डाळ आणि औषध घालून वेणूबाईंचे घरी जात. पहिल्या वेळेस त्यांनी ठेवून घेतले, दुसऱ्या वेळेस पिशवी उचलून दाराबाहेर ठेविली आणि म्हणाल्या, "हे तुमचं आहे, भावजी. माझं कुठंय, ते आणा." आणि हर वेळेस पुसत, "लिहिलंत?" पंत म्हणत, "लिहितो." घरी बायको अंथरुणावरून पुसे, "वेणूवहिनींचं काम झालं का हो?" पंत म्हणत, "होतंय." वेणूबाईंचे फडताळातील पितळेची भांडी एकेक करून नाहीशी होत गेली, आणि ती मोकळी जागा पंतांस पाहवत नसे, आणि तरी लिहवत नसे. भाद्रपदात पितृपक्ष आला, तेव्हा वेणूबाईंनी शेवटचा तांब्या विकून मुरारपंतांचे श्राद्ध घातले. पंत पानावर बसले. वेणूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "भटजींनी दाखला मागितला नाही, बरं का. कावळ्यानंही नाही."

औषध सुटून महिने जाहले होते. दसऱ्याचे आदले दिवशी सकाळी शेजारणीने दार ढकलिले, कडी नव्हतीच. वेणूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, त्या तैशाच गेल्या होत्या. अग्नी पंतांनीच दिला. तेराव्याचे दिवशी पंत त्या घरी बसले असता टपालवाला मुरारपंतांचे नावाचा लखोटा घेऊन आला. त्यात सरकाराने लिहिले होते की आपण वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली याचा आनंद आहे, सबब आपली पेन्शन वाढविली असे, आणि आपणांस दीर्घायुष्य चिंतितो. पंतांनी तो कागद दोन वेळा वाचिला, आणि मोठ्याने रडू लागले, आणि म्हणाले, "मी मारलं त्यांना. मीच मारलं." टपालवाल्यास वाटले म्हातारा दुःखाने बरळतो. त्याने माठातील पाणी काढून दिले आणि पुढील घरी गेला.

कार्तिक लागला. कार्तिकात ऐंशीचे आतील हर एक पेन्शनराने आपण हयात असल्याचे लिहून द्यावे ऐसा नियम. पंत दप्तरात गेले, फॉर्म घेतला, आणि पुढील बाजूस मी हयात आहे म्हणून सही केली. मग फॉर्म उलटा केला आणि पाठीवर सर्व लिहिले. मुरारपंतांस अग्नी दिला तो, कार्ड फिरविले ते, दरबारात काय पुसिले आणि आपण काय उत्तर दिले ते, ताळ्याची खोटी सही, वेणूबाईंचे नाव, आणि ज्या ज्या विधवा आठवल्या त्यांची नावे, आणि खाली पुन्हा सही केली. आता चौकशी लागो, पेन्शन जावो, ऐसा निश्चय करून फॉर्म खिडकीत दिला. कारकून तोच. त्याने फॉर्म यंत्राचे काचेवर पालथा ठेविला, एक उजेड फिरला, आणि तो म्हणाला, "झालं, पंत."

पंत म्हणाले, "मागे लिहिलंय. मागचं बघ."

कारकुनाने फॉर्म उलटविला. चार ओळी वाचल्या, पंतांकडे पाहिले, मागील रांगेकडे पाहिले, आणि आतल्या दालनात नवे साहेब बसले होते तिकडेही पाहिले. मग मान खाली घालून हळूच बोलिला, "मागची बाजू यंत्र घेत नाही, पंत. ते वाढीव काम आहे." आणि फॉर्मावर शिक्का मारून तो पोत्यात टाकिला. पडद्यावर अक्षरे उमटली की गिरमाजीपंत हयात आहेत. दुसरा कागद त्यांनी मागितला नाही. अंगी जे धैर्य होते ते एका कागदापुरतेच होते. मागून कोणी म्हणाले, "सरका की हो पुढे," आणि पंत सरकले.

येणेप्रमाणे यंत्र राज्यात स्थिर जाहले, आणि दिवाणजी त्याहून मोठे यंत्र पाहावयास परराज्यात गेले. मुरारपंत अद्याप हयात असून वाढीव पेन्शन घेत आहेत. गिरमाजीपंतही हयात आहेत. वेणूबाई नामे कोणी बाई सरकारचे माहितीत नव्हती आणि नाही. हकीकत घडली तैशी लिहिली. पुढील बाजूस जागा पुरली नाही, सबब शेवट कागदाचे पाठीवर लिहिला आहे.