मोडाची मटकी आणि मामंजींची माळ

टप्!

सगळं घर दुपारचं निजलेलं, आणि खुंटीला टांगलेल्या पुरचुंडीतून पाण्याचा थेंब खालच्या पितळी ताटलीत पडला. कुशीतला सुदाम चुळबुळला. मी त्याला थोपटलं आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला. पोर निजलं की एवढाच काय तो वेळ माझा!

त्या पुरचुंडीत मोड आलेली मटकी आहे. बायांनो, हिच्याच जिवावर मी गेल्या माघात घरभर छाती ठोकून सांगितलं होतं, "अंड्याचं नावही न काढता पोराले गुबगुबीत करून दाखवते!"

झालं असं, की चार वर्षांचा सुदाम गोवरातून उठला तो तुराटीसारखा वाळून. वाशिमच्या डाक्टरांनी त्याच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अंडी द्या. तुमच्यात चालत नसतील तर डाळी, कडधान्यं, शेंगदाणे पोटभर द्या. आज वजन करून ठेवा, महिन्यानं पुन्हा करा."

वजन कुठे करणार? येताना जऊळक्याच्या ठेसनावर पार्सलाचा काटा होता. भाऊसिंग हमालानं सुदामला पेटीसारखं उचलून त्यावर ठेवलं. बारा शेर! पोरगं खूश, जणू इनाम लागलं!

घरी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळं ऐकून घेतलं. गळ्यात तुळशीची माळ, आमच्या चुलीनं कधी अंड्याचं टरफलही पाहिलेलं नाही.

"महिनाभर डाळीनं पाहू," माळेचे मणी चाचपत ते म्हणाले. "पोरगं नाही भरलं, तं मी माळ उतरवीन अन् माह्या हातानं त्याले अंडं चारीन. नातवापरीस माळ मोठी नाही."

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तोंडाला पदर लावला. म्हातारा माणूस माळ उतरवेल, पण मग जेवेल का? माझ्याच्यानं ते बघवेना, आणि तोंडून ती फुशारकी निघून गेली.

मग काय! सकाळी मटकी, दुपारी भाकरीवर उभं राहील इतकं घट्ट तुरीचं वरण, संध्याकाळी डाळ वाटून वाफवलेले फुणके. तेही सगळ्यांसमोर नाही हं! खात्या पोराला नजर लागते. मी त्याला गोठ्यामागे नेऊन, आडोशाला चारायची.

"कोनाले सांगू नको बरं, राजा."

सुदाम मान डोलवायचा. इतक्या सराईतपणे डोलवायचा, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

महिना भरला. सासूबाईंनी नातवाला तयार केलं. तयार कसलं, फाटकी बंडी, गालाला चुलीची काजळी!

"आत्याबाई, हे काय ध्यान?"

"मांगच्या खेपेले नवरदेवावानी सजवून नेलता तुमी. समदं ठेसन टकमक पाहे म्हने! आज नजर नाही लागू द्यायची."

सगळं घर बैलगाडीत बसून ठेसनावर! भाऊसिंगनं सुदामला काट्यावर ठेवलं, वजनं सरकवली, पुन्हा सरकवली.

"साडेअकरा."

"बारा होते ना रे?" मी ओरडलेच.

"होते बाई. आता नाहीत."

"काटा बिघडला तुमचा!" हे म्हणाले, आणि स्वतःच काट्यावर चढले.

"काटा काहून बिघडंल? आत्ता मिरच्याचं पोतं तोललं यावर. उतरा मालक, मोडंल तो!"

हे उतरले ते माझ्यावरच घसरले. "अवं, पोरगं भराचं सोडून आटवलं तू!"

"मटकी वातूळ असते," सासूबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं वजन वाढते का कुठी?"

मामंजींनी टोपी काढली आणि हात मानेमागे नेला. माळेची गाठ जुनी, घट्ट. सुटता सुटेना.

मी सुदामला उचलायला वाकले, आणि त्याच्या घोट्यावर पांढुरका वळ दिसला. तोड्याचा वळ. पण तोडा कुठे?

"आत्याबाई, याचे तोडे?"

सासूबाईंनी कमरेची गाठ हळूच सोडली. तोडे, कडी, कमरेची जाड साखळी, सगळी चांदी खणखण करत बाहेर आली! "नजरेच्या भेवानं काढले वं मी..."

"मामंजी, थांबा!" सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी ठेसन दणाणलं. "मांगल्या खेपेले हे समदं याच्या अंगावर होतं!"

भाऊसिंगनं चांदी सुदामच्या मांडीवर ठेवली. वजनं सरकवली.

"साडेबारा!"

मामंजींचा हात माळेवरून खाली आला आणि डोळ्यांकडे गेला. सासूबाईंनी तिथल्या तिथे नातवाची दृष्ट काढली, जमलं असतं तर काट्याचीही काढली असती!

परतताना गाडीत मी अशी ताठ बसले होते, की जू माझ्याच खांद्यावर असावं. "पाहिलं? म्हनलं होतं ना, माह्या मटकीनं..."

"माय, आता सांगू?" सुदामनं मध्येच विचारलं.

"सांग ना राजा!"

"आजी मले कनगीमांगं उडदाचा लाडू देते. आबाजी मळ्यात शेंगा फोडून देते. बाबा फुटाने देते. समदे म्हनते, कोनाले सांगू नको."

सासूबाई एकाएकी पळसाची झाडं पाहू लागल्या. मामंजी खोकले. ह्यांनी उगाच बैलांना हाकारलं.

सुदाम माझ्या मांडीवर रेलला, आणि चांदीची साखळी वाजवत म्हणाला, "मंग माय, मी कोनाच्या घासानं भरलो?"