पक्क्या कॅरेक्टरचा मुलगा

माणूस घडवायचा कसा, हे एका मुरलीधरपंतांनाच विचारावं! निदान त्या शनिवारच्या दुपारपर्यंत तरी खुद्द पंतांचं तसं ठाम मत होतं.

पंत फरीदाबादचे जुने रहिवासी. ट्रॅक्टरच्या कारखान्यात जन्म काढला आणि निवृत्तीनंतर कालव्यापलीकडे, नहरपारच्या नव्या टॉवरमध्ये, पार अकराव्या मजल्यावर राहायला आले. आयुष्यात नाद एकच, कीर्तनाचा! दिल्लीत कुठेही बुवा उभे राहिले की पंत पहिल्या सतरंजीवर, हातात टाळ आणि डोळ्यांत पाणी. पण निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, पुष्करने, त्यांना कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची गोडी लावली. ओसाड शहर, रस्तोरस्ती हिंडणारी मढी, आणि त्यांत एकटा जिवंत माणूस. तो आपण घडवायचा आणि जगवून दाखवायचा. बस्स!

पंतांचा माणूस काही केल्या जगेना. कारण पंत त्याला आख्यानातल्या भक्तासारखा घडवायचे. निर्व्यसनी, कनवाळू, पहाटे उठणारा. तो बिचारा दाराबाहेर पडायचा आणि पंगतीतल्या पहिल्या भज्यासारखा क्षणात नाहीसा व्हायचा!

"बाबा, नुसते गुण नाही घेता येत," पुष्करने समजावलं. "गुणाला पॉइंट लागतात, आणि पॉइंट मिळतात दोष घेतल्यावर. चार दोष पदरात घ्या, मग ताकद घ्या."

पंत विचारात पडले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, म्हणजे माझा पूर्वरंगच कच्चा होता! बुवा आधी तासभर पाया रचतात, म्हणून तर उत्तररंगात कथा रंगते. आता बघ, असं कॅरेक्टर बनवतो की यमदूत दारावरून परत जातील!"

त्या शनिवारी मात्र घरात वेगळ्याच कॅरेक्टरची परीक्षा होती. रुचिराचे आईवडील घर बघायला येणार होते. पुष्करची तिशी उलटलेली. नको नको म्हणत त्याने इतकी स्थळं परत पाठवली होती की मध्यस्थांनी फोन उचलणं सोडलं होतं. रुचिरा ही पहिली मुलगी, जिच्याबद्दल तो आपणहून आईला म्हणाला, "आई, हिचं नाही जमलं, तर प्लीज, पुन्हा विषय नको."

रुचिराचे वडील दिनकरराव ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "फ्लॅट, पगार, गाडी, मला काही नको. मला मुलाचं कॅरेक्टर बघायचंय."

"त्याची हमी माझी!" पंत गरजले होते.

सकाळपासून पंतांनी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी साधनाबाई कावल्या. "अहो, पायात काय येताय मांजरासारखे! जा, त्या कॉम्प्युटरसमोर बसा. पाहुणे संध्याकाळी येतील. मी खालून श्रीखंड घेऊन येते, दार नुसतं लोटलंय."

पंत बसले. पाठ दाराकडे, कानात फोनची वायर. पुष्करचा फोन आलाच होता. तो गुडगावहून निघालेला आणि टोलनाक्यापाशी अडकलेला.

"बाबा, भयंकर जॅम आहे यार. तुम्ही टेन्शन घेऊ नका. चलो, कॅरेक्टर बनवू या, मी सांगतो इथून."

मंडळी, पुष्कर जॅममध्ये अडकला, पण दिनकरराव अडकले नाहीत! वाटेत बदरपूरला नवा उड्डाणपूल झालाय हे ते विसरले होते. दोन तास हाताशी ठेवून निघालेली माणसं भर दुपारीच अकराव्या मजल्यावर दत्त म्हणून उभी! दिनकरराव, त्यांच्या पत्नी प्रभाताई आणि मागे रुचिरा. बेल वाजवली, तर वीज गेलेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू होता, बेल नव्हती. दार ढकललं, ते उघडलं. समोर पंतांची पाठ. कानात वायर घातलेली माणसं बोलतात तसे पंत ओरडून बोलत होते.

"सिगारेट? राहू दे रे पुष्कर! चांगली ओढ! तेवढ्याने काय होतंय?"

दिनकररावांचा उंबरठ्यावरचा पाय तिथेच राहिला. प्रभाताईंनी तोंडाला पदर लावला. दिनकररावांनी ओठांवर बोट ठेवून दोघींना सोफ्यावर बसायची खूण केली. ऑडिटवाला माणूस! न मागता सापडलेला पुरावा सोडतो होय?

"रात्री डोळ्यांना दिसत नाही... तेही असू दे. कोणाला कळतंय?" पंत रंगात आले होते. "कानाने अर्धवट बहिरा. वा! रक्त बघून चक्कर येते... हे घेऊ का? घेतो. झोप कुंभकर्णाची. बिल्कुल! आणि काय म्हणतोस, नोकरी?"

सोफ्यावर तिघांनी कान टवकारले.

"छे छे! आयटीवाला काय कामाचा? पहिल्या दिवशी मरेल! घरफोड्याच बरा. किल्लीशिवाय गाडी चालू करता येते, कुलूप वाजू न देता उघडता येतं. पोट भरायला आणखी काय लागतं माणसाला?"

"अगं बाई!" प्रभाताई पुटपुटल्या. रुचिराने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. मुलगी रडतेय असं समजून आईने तिचा हात घट्ट धरला.

"आता एकच कर," पंत खुर्चीत पुढे सरकले. "दिनकरराव यायच्या आत हे कॅरेक्टर पक्कं करून टाकू! एकदा ते आले की मग सज्जनासारखं बसायचंय."

दिनकररावांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडू लागली.

इकडे खेळ सुरू झाला. पडद्यावर अंधारं घर. पंतांचा घरफोड्या भिंतीला चिकटून उभा. कुठेतरी लाकूड करकरलं. पंतांनी श्वास रोखला.

"पुष्कर... घरात कुणीतरी आहे."

"हलू नका, बाबा."

"अरे, अगदी मागे आहे. श्वास ऐकू येतोय!"

श्वास खराच होता. तो दिनकररावांचा होता!

पंत गर्रकन खुर्चीसकट वळले. पडदे ओढलेल्या खोलीच्या अर्ध्या अंधारात, हातभर अंतरावर, तीन माणसं, एका ओळीत, निश्चल. पंतांनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या टॉवरमधली कबुतरं उडाली! हिसक्याने वायर निघाली, घाबरून फोनवर भलतंच बटण दाबलं गेलं, आणि स्पीकरवरून पुष्करचा आवाज खोलीभर घुमला:

"बाबा, किती आहेत?"

"ती... तीन!"

"मग बघताय काय? कुऱ्हाड काढा! डोक्यात घाला! म्हातारा असेल तर आधी त्याला!"

दिनकरराव उठून उभे राहिले.

पंतांच्या डोळ्यांसमोर मुलाचा चेहरा आला. पुन्हा विषय नको म्हणणारा. तीन वर्षांची वणवण, आणि एका दुपारी त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिची माती केली होती! 'देवा, एवढं स्थळ वाचव,' ते मनात म्हणाले, 'पार्किंगमध्ये मांडव घालून कीर्तन ठेवीन.' मग त्यांनी हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खेळ, मढी, दोष, पॉइंट, पूर्वरंग, सगळं!

तेवढ्यात श्रीखंडाचा डबा घेऊन साधनाबाई आल्या आणि दारातच थिजल्या.

"म्हणजे," दिनकरराव सावकाश म्हणाले, "मुलगा सिगारेट ओढत नाही?"

"नाही हो! वासही सहन होत नाही त्याला."

"दृष्टी?"

"उत्तम!"

"नोकरी?"

"पक्की! अहो, तो सोन्यासारखा मुलगा आहे. एक दोष दाखवा!"

दिनकरराव पुन्हा बसले. पण चेहरा उजळायच्या ऐवजी जास्तच काळवंडला. "मुरलीधरपंत, खरं सांगू? मघाशी धक्का बसला, पण मनात म्हटलं, बाप खरं तरी बोलतोय. चष्मा लावून सांभाळता येईल, सिगारेट सोडवता येईल. आता तुम्ही म्हणता एकही दोष नाही! जन्मभर ऑडिट केलंय मी. ज्या फायलीत एकही चूक सापडत नाही ना, तिथे हमखास मोठी भानगड असते. चलो, प्रभा, उठ."

पंतांनी कपाळाला हात लावला. मुलगा वाईट ठरला असता तर बाजू मांडता आली असती. चांगला ठरल्यावर काय मांडायचं?

"थांबा!" साधनाबाईंनी श्रीखंडाचा डबा टेबलावर आपटला. "कोण म्हणतं दोष नाहीत? मटार सोलायला दिले की निम्मे खातो. राग आला की बोलत नाही, नुसता फ्रिज उघडून उभा राहतो. मावशीचा फोन आला की माझ्या हातात देऊन गच्चीत पळतो. मराठीत एकोणसत्तर म्हटलं तर विचारतो, 'यानी कितना?'"

"ते मलाही नाही कळत," रुचिरा पहिल्यांदाच बोलली. आता ती उघड उघड हसत होती. "आणि बाबा, मला पहिल्या सिगारेटलाच कळलं होतं, हा गेम आहे. पुष्करने सांगितलंय मला, काका खेळतात."

"मग बोलली का नाहीस कार्टे?" प्रभाताई कडाडल्या.

"बाबा इतका वेळ गप्प बसून दुसऱ्याचं ऐकतात, असं कधी होतं का गं आपल्याकडे?"

दिनकररावांनी लेकीकडे पाहिलं. मग साधनाबाईंकडे. "फ्रिज उघडून किती वेळ उभा राहतो?"

"बर्फ वितळेपर्यंत!"

"अच्छा." त्यांनी चष्मा पुसला. चेहऱ्यावरची घडी मोडली. "मग ठीक आहे. हा माणूस खरा वाटतो. आमच्याकडून पसंती समजा."

पंतांच्या डोळ्यांना धारा लागल्या. फोनची मधेच गेलेली रेंज परत आली, आणि अजून टोलनाक्यावरच असलेला पुष्कर विचारू लागला, "बाबा, वाचलात का? हॅलो?"

"वाचलो रे, वाचलो!" पंत हुंदका देत म्हणाले.

"फक्त एक राहिलं," दिनकरराव साधनाबाईंकडे वळले. "रुचिरा राहणार तुमच्याजवळच. मुलाचं समजलं. सासऱ्यांमध्ये काही दोष?"

साधनाबाईंनी शांतपणे पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"दिनकरराव, आता रात्रीचं जेवूनच जा."